चिमणीची उंची आणि संमतीपत्रातली अट

न्हावा शेवा बंदराच्या दक्षिणेला, उरण तालुक्यातल्या बोकडविरा गावाजवळ महानिर्मितीचे वायू विद्युत केंद्र आहे. मुंबई हायच्या समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात उतरतो आणि त्यातला काही हिस्सा या केंद्रात जाळला जातो. १९८० च्या दशकात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने ते उभारले. मंडळाचे विभाजन झाल्यावर २००५ मध्ये ते महानिर्मितीकडे आले. आज येथे १०८ मेगावॉटचे चार वायू टर्बाइन आहेत, आणि त्यांच्या गरम धुरावर पाणी उकळून चालणारे १२० मेगावॉटचे दोन बाष्प संच आहेत. एकूण स्थापित क्षमता ६७२ मेगावॉट. वायूचा पुरवठा अपुरा असल्याने एवढी वीज क्वचितच निघते, हा भाग वेगळा.

या केंद्राच्या चिमण्यांतून काळा धूर निघताना दिसत नाही. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्यात राख नसते आणि गंधक नगण्य असते. त्यामुळे कोळशाच्या केंद्राबाबत ज्या दोन गोष्टींची सर्वाधिक तक्रार होते, ती उडती राख आणि सल्फर डायऑक्साइड, येथे जवळजवळ नसतातच. तिसरी गोष्ट मात्र असते. टर्बाइनमधली ज्योत इतकी तापते की हवेतला एरवी निवांत असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. म्हणजे हे प्रदूषण इंधनातून येत नाही, ते जाळायला घेतलेल्या हवेतूनच येते. इंधन कितीही शुद्ध असले तरी ज्योत तापली की ही ऑक्साइडे तयार होणारच. बाहेर पडल्यावर उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि अमोनियाशी संयोग होऊन नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण फुप्फुसात खोलवर जातात.

ज्योतीत पाणी किंवा वाफ सोडून तिचे तापमान उतरवणे हा यावरचा जुना उपाय. वायू आणि हवा आधीच नीट मिसळून पातळ मिश्रण जाळणारे बर्नर बसवणे हा नंतरचा. अमोनिया आणि उत्प्रेरक वापरून धुरातली ऑक्साइडे पुन्हा नायट्रोजनमध्ये बदलणारी यंत्रणा सर्वांत परिणामकारक, आणि अर्थात सर्वांत महाग.

वायूवर चालणाऱ्या केंद्रांसाठी पर्यावरण संरक्षण नियमांत याच ऑक्साइडांची मर्यादा ठरवलेली आहे. १ जून १९९९ च्या आधीच्या संचांना धुराच्या दहा लाख भागांत १५० भाग, आणि त्यानंतरच्या, नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या ४०० मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या केंद्रांना ५० भाग. उरणचे टर्बाइन या तारखेच्या बरेच आधीचे असल्याने त्यांना सैल मर्यादा लागू होते. मर्यादेच्या शेवटी ‘१५ टक्के ऑक्सिजन धरून’ अशी पुस्ती असते आणि ती महत्त्वाची आहे. ताक आंबट झाले तर पाणी घालून आंबटपणा कमी करता येतो, तसे धुरात ताजी हवा मिसळली की आकडा आपोआप खाली येतो, जरी बाहेर पडणारा माल तेवढाच राहिला. ही पळवाट बंद करण्यासाठी मोजणी ठरावीक ऑक्सिजनच्या पातळीवर आणून मगच आकडा वाचायचा, असा नियम आहे.

हा नियम कोण करते आणि कोण राबवते, याचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. महाराष्ट्राने या विषयात दिल्लीची वाट पाहिली नव्हती. राज्याने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवा कायदा १९८१ चा. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत दिलेला शब्द पाळण्यासाठी म्हणून संसदेने हवा कायदा केला, कारण राज्यघटनेच्या कलम २५३ नुसार आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसद देशभराचा कायदा करू शकते. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. वर सांगितलेल्या मर्यादा त्याखालच्या नियमांत आहेत.

थोडक्यात, किमान पातळी केंद्र सरकार ठरवते. राज्य मंडळाला ती सैल करता येत नाही, पण जागा आणि परिस्थिती पाहून अधिक कडक करता येते. हा अधिकार वापरण्याचे साधन म्हणजे संमतीपत्र, कारखानदारीच्या बोलीत ‘कन्सेंट’. केंद्र उभारण्याआधी एक संमती, चालवण्याआधी दुसरी, आणि मग ठरावीक मुदतीने नूतनीकरण. या कागदावर कोणत्या चिमणीची उंची किती, त्यातून काय आणि किती सोडायचे, मोजणी कितीदा करायची, कोणती यंत्रणा कधीपर्यंत बसवायची आणि त्यासाठी किती रुपयांची बँक हमी मंडळाकडे ठेवायची, हे सगळे लिहिलेले असते. अट मोडली तर आधी कारणे दाखवा नोटीस येते आणि हमी जप्त होऊ शकते. हवा कायद्यात १९८७ मध्ये आलेल्या कलम ३१-अ खाली थेट वीज-पाणी तोडण्याचा किंवा प्रकल्प बंद करण्याचा आदेश देता येतो. वीजकेंद्राची वीज तोडणे हे कागदावर जरा विनोदी वाटते. प्रत्यक्षात शहराला वीज देणारे केंद्र बंद करण्याचा आदेश काढायला कोणाचाही हात सहजासहजी धजत नाही, आणि हीच या क्षेत्रातल्या अंमलबजावणीची कायमची अडचण आहे. उरणसारख्या ठिकाणी आणखी एक पेच असतो. केंद्र चालवणारी कंपनी राज्य सरकारची, आणि तिला नोटीस देणारे मंडळही राज्य सरकारचे.

पूर्वी हवा कायद्याच्या भंगासाठी तुरुंगवासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बहुतांश काढून टाकली. १ एप्रिल २०२४ पासून हवा कायद्याखाली मुख्यतः दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आहे. शेकडो मेगावॉटच्या केंद्राच्या ताळेबंदात पंधरा लाख रुपये शोधावे लागतील.

न्हावा शेवाहून खाडीपलीकडे वायव्येला पाहिले तर तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या चिमण्या आहेत. टाटांचे हे औष्णिक केंद्र १९५६ पासून चालू आहे. १९८४ मध्ये तेथे ५०० मेगावॉटचा पाचवा संच आला; भारतातला या आकाराचा तो पहिलाच. चेंबूर-माहुलच्या पट्ट्यात तेव्हा तेलशुद्धीकरण कारखाने आणि खत कारखाना होताच, आणि हवा आधीच भरलेली होती. कोळशाच्या केंद्रांतून किती सल्फर डायऑक्साइड सोडावा, याची राष्ट्रीय मर्यादा त्या काळी अस्तित्वातच नव्हती.

तेव्हा नियम होता तो चिमणीच्या उंचीचा. २०० ते ५०० मेगावॉटच्या संचाला २२० मीटर, ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या संचाला २७५ मीटर. लहान संचांसाठी एक सूत्र होते, तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो त्यावरून उंची काढण्याचे. या सूत्राची गंमत अशी की उत्सर्जन दुप्पट झाले तरी चिमणी जेमतेम पाव हिश्शाने वाढवावी लागते. उंच चिमणीमुळे वायू कमी होत नाही. तो वरच्या वाऱ्यात जाऊन पांगतो आणि जवळच्या वस्तीच्या नाकाशी त्याचे प्रमाण कमी राहते. पुढे शेकडो किलोमीटरच्या प्रवासात त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. ते ज्या गावावर उतरतात, त्या गावाला ती चिमणी दिसतही नसते.

मुंबईत मात्र एवढ्यावर भागले नाही. पाचव्या संचाला धुरातले गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. देशातली अशी ती पहिली. फ्लू गॅस डिसल्फरायझेशन, किंवा सगळे म्हणतात तसे एफजीडी, हे तिचे नाव. ट्रॉम्बेत त्यासाठी चुनखडी आणावी लागली नाही, समुद्र शेजारीच होता. समुद्राचे पाणी बायकार्बोनेटमुळे किंचित अल्कधर्मी असते. त्याच्या फवाऱ्यातून धूर नेला की सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. मग त्या पाण्यात हवा फुंकली की त्याचे सल्फेट बनते. सल्फेट समुद्राच्या पाण्यात मुळातच भरपूर असते, दर लिटरला अडीच ग्रॅमहून जास्त, म्हणून हे पाणी पुन्हा समुद्रात सोडता येते. जोडीला कमी गंधकाचा आणि कमी राखेचा आयात कोळसा वापरला जाऊ लागला.

मुंबईत जे शहराच्या दडपणामुळे झाले, ते डहाणूत न्यायालयाच्या आदेशाने झाले, आणि त्याला बराच काळ लागला. चिकूच्या बागांच्या आणि वारली पाड्यांच्या या तालुक्यात बीएसईएस या वीज कंपनीचे २५० मेगावॉटच्या दोन संचांचे केंद्र मंजूर झाले तेव्हा स्थानिक पर्यावरणप्रेमी गट आणि बागायतदार न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी जून महिन्यात केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. १९९५ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. केंद्राची चिमणी २७५ मीटरची, म्हणजे त्या आकाराच्या संचांना लागते त्याहून उंच. गंधकाची यंत्रणा मात्र बसली नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. एका तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण प्राधिकरण ही देशात विरळाच गोष्ट. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने यंत्रणेची गरजच नाही असे मांडले, मुदती मागितल्या, वरच्या न्यायालयात दाद मागितली. दरम्यान केंद्राची मालकी बदलून रिलायन्सकडे गेली. २००५ मध्ये प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली आणि चक्रे फिरली. २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारी यंत्रणा डहाणूत सुरू झाली. सहा वर्षे आदेशाने जे झाले नाही, ते हमीच्या रकमेने दोन वर्षांत झाले. धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्षपदी होते. एवढा दीर्घकाळ एकच माणूस एका चिमणीवर लक्ष ठेवून होता, हेही या यशाचे एक कारण मानावे लागेल.

ट्रॉम्बे आणि डहाणू ही दोन्ही उदाहरणे राष्ट्रीय मर्यादा येण्याच्या आधीची आहेत. एका जागेसाठी, एका केंद्रासाठी, नेमकी अट कोणीतरी घातली आणि तिचा पाठपुरावा केला. राष्ट्रीय मर्यादा आली ती ७ डिसेंबर २०१५ रोजी. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशाच्या केंद्रांसाठी कण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांच्या मर्यादा जाहीर केल्या. २००३ च्या आधीच्या ५०० मेगावॉटच्या संचाला प्रमाणित तापमान-दाबाच्या एका घनमीटर धुरात कणांची मर्यादा १०० मिलिग्रॅम आणि सल्फर डायऑक्साइडची २००. त्याच काळातल्या लहान संचाला सल्फर डायऑक्साइड ६०० पर्यंत चालेल. २०१७ पासून उभारल्या जाणाऱ्या केंद्रांना कण ३० आणि सल्फर डायऑक्साइड १०० मिलिग्रॅम. या मोजमापाने ट्रॉम्बेच्या एकाच कुंपणात दोन नियम लागू होतात. १९८४ च्या मोठ्या पाचव्या संचाला गंधकाची मर्यादा कडक आणि राखेची सैल, २००९ च्या २५० मेगावॉटच्या आठव्या संचाला बरोबर उलटे.

या मर्यादा दोन वर्षांत गाठायच्या होत्या. डिसेंबर २०१७ उजाडला तेव्हा देशातली जवळजवळ सगळी केंद्रे सल्फर डायऑक्साइडच्या बाबतीत होती तिथेच होती. मुदत २०२२ पर्यंत वाढली. २०२१ मध्ये केंद्रांची तीन गटांत विभागणी झाली. दिल्ली परिसरापासून किंवा दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतली केंद्रे ‘अ’ गटात, अतिप्रदूषित पट्ट्यांतली आणि हवेचे मानक न गाठलेल्या शहरांजवळची ‘ब’ गटात, उरलेली सगळी ‘क’ गटात. २०२२ आणि २०२४ मध्ये मुदत पुन्हा वाढली. मध्यंतरी, २०२० मध्ये, २००४ ते २०१६ दरम्यानच्या संचांची नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादाही ३०० वरून ४५० मिलिग्रॅमवर गेली होती.

शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने ‘क’ गटाला सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून वगळले. देशातले सुमारे ७८ टक्के संच या गटात मोडतात. ‘ब’ गटाचा निर्णय प्रत्येक केंद्रापुरता घ्यायचा, आणि ‘अ’ गटाला डिसेंबर २०२७ अखेरची मुदत. वगळलेल्या केंद्रांसाठी एक अट ठेवली आहे: २०२९ अखेरपर्यंत चिमणीच्या उंचीचा निकष पूर्ण करायचा. दहा वर्षांचा फेरा मारून नियम पुन्हा चिमणीच्या उंचीवर आला.

या निर्णयामागे सरकारने दिलेली कारणे अशी. भारतीय कोळशात गंधक कमी, बहुधा अर्ध्या टक्क्याहून कमी. शहरांच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी चोवीस तासांच्या ८० मायक्रोग्रॅमच्या मानकाच्या बराच आत. आणि यंत्रणेचा खर्च मेगावॉटमागे साधारण एक कोटी रुपये, शिवाय ती चालवायला केंद्राचीच थोडी वीज लागते, म्हणजे तेवढा कोळसा आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. यातले शेवटचे कारण खरे आहे. दुसऱ्या कारणात मात्र मेख आहे. सल्फर डायऑक्साइड हवेत वायू म्हणून कमी सापडतो, कारण वाटेत त्याचे सल्फेट होते, आणि मग तो सूक्ष्म कणांच्या आकड्यात मोजला जातो. कणांचे मानक तर देशातली बहुतेक मोठी शहरे ओलांडतात. केवळ वायूचा आकडा पाहून निर्दोष ठरवणे हा अर्धा हिशेब आहे.

खर्च कोणाच्या खिशातून जातो, हेही स्पष्ट आहे. २०१५ च्या मर्यादांमुळे येणारा खर्च ‘कायद्यातील बदल’ मानून तो वीजदरात धरावा, अशी सूचना केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये दिली. राज्यातल्या दरांसाठी हा हिशेब महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे जातो. म्हणजे धुराचा नियम एका संस्थेचा आणि त्याच्या पैशांना मंजुरी दुसऱ्या संस्थेची.

मर्यादा असो वा सूट, चिमणीतून काय निघते हे मोजल्याशिवाय दोन्ही निरर्थक. पूर्वी मंडळाचा माणूस चिमणीवर चढून नमुना घेई आणि त्या दिवशी केंद्र साहजिकच शिस्तीत चाले. २०१४ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वीजकेंद्रांसह सतरा प्रकारच्या उद्योगांना चिमणीत सतत मोजणारी उपकरणे बसवायला लावली. त्यांचे आकडे थेट मंडळांच्या सर्व्हरवर जातात. उपकरण नीट जुळवलेले आहे का, हा नवा प्रश्न त्यातून आला. पण निदान रात्रीचे आकडे आता रात्रीच मिळतात. महाराष्ट्र मंडळाने ५ जून २०१७ रोजी चिमण्यांच्या मोजणीवरून उद्योगांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्याची योजना सुरू केली. गुजरातेत सुरतला २०१९ मध्ये याहून पुढचा प्रयोग झाला. कारखान्यांच्या कणांच्या उत्सर्जनावर एकूण मर्यादा घातली आणि ज्याने कमी सोडले त्याला उरलेला वाटा दुसऱ्याला विकण्याची मुभा दिली.

अमेरिकेत ईशान्येकडच्या काही राज्यांनी हीच पद्धत वीजकेंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडसाठी २००९ पासून चालवली आहे. तिथे वाट्यांचा लिलाव होतो. भारतात कार्बन डायऑक्साइडला चिमणीवरची मर्यादा नाही. एका युनिटमागे कोळशाच्या केंद्रातून साधारण एक किलो आणि उरणसारख्या दुहेरी चक्राच्या वायू केंद्रातून अर्धा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. हा दुपटीचा फरक संमतीपत्रात कुठेच उमटत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने कार्बन श्रेय व्यापाराची योजना अधिसूचित केली, पण लक्ष्ये आधी ठरली ती सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा उद्योगांसाठी. वीजकेंद्रे तूर्त बाहेर आहेत.

न्हावा शेवा येथे धक्क्याला लागणाऱ्या जहाजांचा हिशेब तर या सगळ्या चौकटीच्या बाहेरच राहतो. धक्क्यावर उभ्या कंटेनर जहाजाचे मुख्य इंजिन बंद असते, पण दिवे, पंप आणि शीत कंटेनर चालवण्यासाठी त्यावरची जनरेटर इंजिने रात्रंदिवस चालू असतात. प्रत्येक मोठे जहाज म्हणजे एक-दोन मेगावॉटचे किंवा त्याहून मोठे, तेलावर चालणारे तरंगते वीजकेंद्रच. त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागत नाही. त्याचा नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, आणि भारतात तो पाहते नौवहन महासंचालनालय. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात ०.५ टक्के गंधक चालते, त्याआधी ३.५ टक्के चालत असे. बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या ट्रकच्या बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाख भागांत १० भाग गंधक असते. जहाजाच्या तेलातले प्रमाण त्याच्या पाचशे पट. याहून जास्त गंधकाचे तेल वापरायचे असेल तर जहाजावर धूर धुणारी यंत्रणा बसवावी लागते. तीही बहुधा समुद्राच्या पाण्यावरच चालते, ट्रॉम्बे आणि डहाणूसारखी.

जहाज धक्क्यावर असताना इंजिने बंद करून किनाऱ्यावरून वीज घेणे हा यावर जगभर स्वीकारला जाणारा उपाय आहे. तसे झाले की जहाजाचा धूर बंदरापुरता थांबतो. ती वीज राज्याच्या ग्रिडमधून येते, आणि महाराष्ट्राच्या ग्रिडमध्ये सर्वांत मोठा वाटा अजून कोळशाचा आहे. म्हणजे न्हावा शेवाच्या धक्क्यावर थांबलेला धूर कोराडी, चंद्रपूर किंवा भुसावळच्या चिमणीतून निघेल, आणि तो पुन्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राखाली येईल.